अकरा दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या वडिलांच्या ट्रॅकिऑस्टॉमीला संमती द्यावी का?

कऱ्हाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. हा प्रश्न मी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, नातेवाइकांसाठीच्या खोलीत बसून लिहीत आहे. आमचे अण्णा ७२ वर्षांचे आहेत, निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, आणि मधुमेह सोडला तर गेल्या महिन्यापर्यंत सासवडच्या घरून रोज सकाळी कऱ्हेच्या पुलापर्यंत चालत जाऊन येत होते. ताप आणि खोकल्याचे निमित्त झाले. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली, बोलणे असंबद्ध होऊ लागले, आणि गावातल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता दिवे घाट उतरून थेट पुण्याला न्या असे सांगितले. इथे पोहोचल्यावर तासाभरात न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग आणि त्यामुळे घसरलेला रक्तदाब असे निदान झाले आणि तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटर लावण्यात आला. आज त्याला अकरा दिवस झाले.

डॉक्टर रोज सायंकाळी साडेपाचला पाच-सात मिनिटे बोलतात. त्यातून मला समजले ते असे की, रक्तदाबासाठी चालू असलेले नॉरॲड्रिनलिन आठव्या दिवशी पूर्ण बंद झाले, लघवी चांगली होत आहे, डायलिसिसची वेळ आली नाही आणि मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ४० टक्क्यांवर उतरला आहे. मात्र मशीनवरून काढण्याची चाचणी दोनदा घेतली तेव्हा दोन्ही वेळा वीस-पंचवीस मिनिटांत त्यांचा श्वास भरभर चालू लागला, घाम फुटला आणि मशीन पुन्हा पूर्ववत करावे लागले. गुंगीचे औषध कमी केले की ते बिथरतात. परवा त्यांनी नाकातली नळी उपसून काढली, आणि काल मी आत गेलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. मुलांचा हात हातात धरून ज्यांनी आयुष्यभर अक्षरे गिरवून घेतली त्यांचे हात असे बांधलेले पाहून मी पाच मिनिटांतली तीन मिनिटे काहीच बोलू शकलो नाही.

आज डॉक्टरांनी ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र करून तिथून श्वासाची नळी बसवणे, सुचवली आहे आणि परवापर्यंत संमतीपत्रावर सही मागितली आहे. दादांचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, आणि आत्याचा त्याला सक्त विरोध आहे. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांच्या गळ्याला असेच छिद्र पाडले होते आणि ते घरी परतले नाहीत, त्यामुळे गळ्याला हात लावला की आशा संपली अशी आत्याची समजूत आहे. दादांना वाटते की हा बिल वाढवण्याचा प्रकार असावा. मला काहीच ठरवता येत नाही. ही शस्त्रक्रिया म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्याची खूण आहे का, अण्णा पुन्हा बोलू शकतील का, आणखी काही दिवस थांबलो तर नुकसान होईल का, आणि हात बांधणे योग्य आहे का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? अण्णा घरी रोज ७ वाजून ५ मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या ऐकल्याशिवाय चहाचा कप हातात घेत नाहीत. तो माणूस मला परत हवा आहे, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

आयसीयूतला डॉक्टर यांचे उत्तर

मी पुण्यातच चौदा वर्षे अतिदक्षता विभागात काम करतो. अण्णांना मी तपासलेले नाही, त्यामुळे अखेरचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. तरीही तुम्ही इतकी नेमकी माहिती दिली आहे की काही गोष्टी स्पष्ट सांगता येतील.

रक्तदाबाचे औषध सुटले, मूत्रपिंडांनी साथ दिली आणि ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आला (आपल्या नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो), याचा अर्थ मूळ आजार मागे हटत आहे. परत यायची राहिली आहे ती ताकद. गंभीर आजारी माणसाच्या मांडीच्या स्नायूचा साधारण सहावा हिस्सा पहिल्या दहा दिवसांतच झिजतो, हे सोनोग्राफीने मोजून पाहिलेले आहे. श्वासपटल हाही स्नायूच आहे आणि मशीनने श्वास देत राहिले की तोही दुबळा होतो. म्हणून फुप्फुस सुधारूनही माणूस वीस मिनिटांत थकतो. अण्णांच्या बाबतीत बहुधा हेच घडत असावे.

तोंडातून घातलेली नळी स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांमधून खाली जाते. ती शुद्धीवरच्या माणसाला सहन होत नाही, म्हणून गुंगी द्यावी लागते. गुंगीमुळे खोकला कमजोर पडतो, हातपाय हलत नाहीत, स्नायू आणखी झिजतात, आणि चाचणीच्या वेळी माणूस पुरेसा जागा नसतो. या चक्रातून बाहेर काढण्यासाठी गळ्याच्या पुढच्या बाजूने, स्वरयंत्राच्या खाली, एक आखूड नळी थेट श्वासनलिकेत बसवतात. ती फारशी टोचत नाही, त्यामुळे गुंगी बरीचशी बंद करता येते, तोंड स्वच्छ ठेवता येते, कफ सहज ओढून काढता येतो, आणि मुख्य म्हणजे मशीन दिवसा दोन तास काढून रात्री पुन्हा लावता येते. तोंडातल्या नळीच्या बाबतीत हे शक्य नसते, कारण ती काढली आणि श्वास अपुरा पडला तर पुन्हा घालण्याची सगळी जोखीम नव्याने पत्करावी लागते.

बहुतेक वेळा ही प्रक्रिया पलंगावरच, पूर्ण भूल देऊन, सुई आणि छिद्र हळूहळू रुंद करणाऱ्या साधनाने साधारण वीस मिनिटांत होते. धोके अर्थातच आहेत. रक्तस्राव होऊ शकतो, जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर ती मोठी आणीबाणी असते, आणि काही रुग्णांची श्वासनलिका पुढे त्या जागी अरुंद होते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते कधी थांबवणार, हे आवर्जून विचारा. काम झाल्यावर नळी काढली की छिद्र बहुधा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप बुजते. स्वरयंत्र तसेच राहते, त्यामुळे आवाज परत येतो. नळी असतानाही, मशीन सुटल्यावर, त्यावर बोलण्याची झडप बसवून अनेक रुग्ण बोलतात.

आत्यांची भीती मी दर महिन्याला ऐकतो आणि ती खोटी ठरवून टाकावी असे मला वाटत नाही. ट्रॅकिऑस्टॉमी अतिशय आजारी माणसांचीच होते आणि त्यांच्यातले काही जण मूळ आजाराने जातात, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की गळ्यामुळे गेले. त्यांना एक हकीकत सांगा. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले भराभर दगावत होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र करवून घेऊन त्यातून नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून फुगे दाबत राहिले. अशा रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते, ते निम्म्यावर आले. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उभारला आणि आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथून झाली. या शाखेचा पहिला श्वासच गळ्याच्या छिद्रातून घेतलेला आहे.

थांबण्याबद्दल विचारलेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात काही रुग्णांची ट्रॅकिऑस्टॉमी पहिल्या चार दिवसांत केली आणि इतरांच्या बाबतीत दहाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली. दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक पडला नाही, आणि वाट पाहिलेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ती लागलीच नाही. तुम्ही दहा दिवस ओलांडलेले आहेत, त्यामुळे डॉक्टर घाई करत आहेत असे मला वाटत नाही. पण आणखी एक-दोन दिवस मागून तिसरी चाचणी घ्यायला सांगणेही गैर नाही. त्याआधी विचारा की अंगात साठलेले पाणी पुरेसे निघाले आहे का, हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, पोटॅशियम आणि फॉस्फरस ठीक आहेत का, आणि गुंगीचे औषध चाचणीच्या किती तास आधी बंद केले होते. बिलाची शंका दादांनी मनात न ठेवता समोर मांडावी आणि या प्रक्रियेचा अंदाजे खर्च लेखी मागावा. तो मागण्यात कोणताही अपमान नाही.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी अतिदक्षता विभागात एकोणीस वर्षे परिचारिका आहे. डॉक्टरांनी गळ्याबद्दल सांगितले, मी हातांबद्दल सांगते.

तुमचे अण्णा बिथरतात ते वेडसरपणामुळे नाही आणि वयामुळे तर नाहीच. त्या अवस्थेला डिलिरियम म्हणतात, आणि व्हेंटिलेटरवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ती कमी-अधिक प्रमाणात होते. विभागात दिवस-रात्र दिवे असतात, गजर वाजत असतात, दर दोन तासांनी कोणीतरी कूस बदलते, अनोळखी लोक अंगाला हात लावतात, तोंडातली नळी का आहे हे आठवत नाही, आणि मेंदूवर आजाराचा आणि औषधांचा परिणाम झालेला असतो. अशा माणसाला ती नळी म्हणजे कोणीतरी घशात कोंबलेली वस्तू वाटते आणि हात आपोआप तिकडे जातो. तोंडातली नळी उपसली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून हात बांधले जातात. पण बांधणे हा शेवटचा उपाय आहे. त्याची नोंद फाईलमध्ये असली पाहिजे, नातेवाइकांना कारण सांगितले गेले पाहिजे, पट्टीखाली दोन बोटे सहज जातील इतकी ती सैल असली पाहिजे, आणि दर दोन तासांनी ती सोडून मनगट पाहिले पाहिजे. तुम्ही आत असताना सिस्टरना विचारा, "मी हात धरून बसतो, तेवढा वेळ पट्टी सोडू का?" बहुतेक जणी हो म्हणतील, मी तरी नेहमी म्हणते.

आता तुमच्या हातात असलेल्या गोष्टी सांगते. अण्णांचा चष्मा आणून द्या. कानाचे यंत्र असेल तर तेही आणा, डबीवर नाव लिहा. नुसते दिसायला आणि ऐकायला लागल्यावर शांत झालेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. आत गेल्यावर त्यांच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहा आणि आधी वार, वेळ आणि जागा सांगा: "अण्णा, आज गुरुवार आहे, संध्याकाळ झाली आहे, तुम्ही पुण्यात दवाखान्यात आहात, न्यूमोनिया झाला होता, आता उतरतोय, तोंडात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, ती कायमची नाही." हे रोज सांगा, कारण काल सांगितलेले त्यांच्याजवळ उरलेले नसते. ज्याचे उत्तर मानेने हो किंवा नाही असे देता येईल तेवढेच विचारा. घरातल्या वादाची, बिलाची, गळ्याच्या निर्णयाची चर्चा पलंगापाशी करू नका. डोळे मिटलेला माणूस ऐकत नाही असे गृहीत धरणे ही आमच्या विभागात दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे.

तुम्ही बातम्यांचा उल्लेख केलात तो मी दोनदा वाचला. सकाळच्या पाळीच्या सिस्टरना विनंती करून ७ वाजून ५ मिनिटांनी मोबाईलवर पुणे केंद्र हळू आवाजात उशाशी लावता येते का ते बघा. दहा मिनिटांचे काम आहे. रात्र संपून सकाळ झाली हे त्यांच्या मेंदूला कोणत्याही गोळीपेक्षा ते लवकर पटेल.

एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: डोक्याची मागची बाजू, माकडहाड आणि दोन्ही टाचा. तिथे लाली दिसली तर सांगा. चांगली परिचारिका अशा नातेवाइकावर रागावत नाही.

सिंहगड रोडकर यांचे उत्तर

मी त्या पलंगावर पडलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमची, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची, साथ आली. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पिण्याच्या पाण्यावर संशय गेला, हे सर्वांना आठवत असेल. मी त्या रुग्णांपैकी एक होतो. आधी जुलाब, मग आठवड्याने तळपायांना मुंग्या, तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना, आणि पाचव्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला. इम्युनोग्लोब्युलिनची पाच दिवसांची मात्रा देऊन झाली तरी मला एकूण २६ दिवस व्हेंटिलेटर लागला. ट्रॅकिऑस्टॉमी बाराव्या दिवशी झाली.

माझ्या आजारात मेंदू शाबूत राहतो, म्हणून मला सर्व ऐकू येत होते आणि करंगळीही हलवता येत नव्हती. तोंडातल्या नळीचे बारा दिवस मला आजही आठवतात. लाळ गिळता येत नाही, ओठ चिकटपट्टीने ओढलेले असतात, जीभ एका बाजूला दाबलेली असते. गळ्यात नळी बसल्यानंतर दुसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा तोंड मिटता आले. तोंड मिटता येणे ही किती मोठी गोष्ट आहे हे मला शब्दांत सांगता येत नाही. दादांना एवढेच सांगा की आतल्या माणसाला विचारले असते तर मी तरी चार दिवस आधीच हो म्हटले असते.

बोलण्याचा मार्ग माझ्या पत्नीने काढला. तिने मुलाच्या चित्रकलेच्या वहीचा कागद घेऊन त्यावर मुळाक्षरे वर्गवार लिहिली. ती एकेका ओळीवर बोट ठेवायची, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, आणि हवी ती ओळ आली की मी डोळे मिटायचो, मग त्या ओळीतल्या अक्षरांवर तेच. पहिल्या दिवशी मी दोन अक्षरे दिली, म आणि न. तिने ते "मन" असे वाचले, माझे मन खचले आहे असे समजली आणि मला धीर देऊ लागली. मी पुन्हा म आणि न दिले. ती पुन्हा धीर देऊ लागली. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आले की कागदावर काना नाही. मला "मान" म्हणायचे होते. उशी सरकून मान चार तास वाकडी झाली होती. तिने उशी नीट केली, मग पेन मागून आणून तळाशी काना, मात्रा, वेलांटी आणि उकार यांची एक ओळ वाढवली. तो कागद आजही आमच्या कपाटात आहे.

अण्णा शिक्षक आहेत. चष्मा लावून असा तक्ता समोर धरला तर ते कदाचित बोटानेच अक्षर दाखवतील. त्यासाठी हात सुटा हवा, आणि गळ्यातली नळी बसल्यावर तो सुटा ठेवणे सोपे जाते.

पर्वतीपायथा यांचे उत्तर

वरची उत्तरे वाचून मला धीर आला असता, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझी आई ८१ वर्षांची होती. फुप्फुसांचा जुना आजार होता, घरी दोन वर्षे ऑक्सिजन चालू होता आणि स्मृतिभ्रंशामुळे ती आम्हाला ओळखत नव्हती. न्यूमोनिया झाल्यावर एकातून एक गोष्टी होत गेल्या. नळी, व्हेंटिलेटर, मग चौदाव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमी. आम्हाला विचारले गेले ते "करायचे का?" असे, आणि नाही म्हणणे म्हणजे आईला मरू देणे असे वाटल्यामुळे आम्ही प्रत्येक वेळी हो म्हणालो. ती आणखी पाच आठवडे जगली आणि त्यातला एकही दिवस तिने घरच्या अंथरुणावर काढला नाही. तिला स्वतःला काय हवे असते, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही आणि आम्हीही एकमेकांना विचारला नाही. ही खंत मला तीन वर्षे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की सही करताना हेही ठरवून घ्या: दोन किंवा तीन आठवड्यांत काय दिसले तर आपण योग्य मार्गावर आहोत, आणि काय दिसले नाही तर आपण पुन्हा बसून बोलायचे. हे डॉक्टरांकडून फाईलमध्ये लिहून घ्या. कायद्यानेही आता हे दार बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र (आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) मान्य केले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. इच्छापत्र नसले तरी, सुधारणेची शक्यता उरली नसेल तेव्हा, कुटुंबाच्या संमतीने आणि रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांच्या निर्णयाने कृत्रिम आधार काढून घेता येतो. आई गेल्यानंतर मी माझे इच्छापत्र करून एक प्रत मुलीकडे दिली आहे.

आयसीयूतला डॉक्टर यांचे उत्तर

पर्वतीपायथा यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ते माझ्या पहिल्या उत्तरातच यायला हवे होते. ट्रॅकिऑस्टॉमी हा पूल आहे. पलीकडे जाण्यासारखा काठ असेल तरच तो बांधण्यात अर्थ असतो. महिन्यापूर्वी रोज पुलापर्यंत चालणारा, ज्याचा आजार मागे हटत आहे असा ७२ वर्षांचा माणूस, आणि दोन वर्षे घरी ऑक्सिजनवर असलेली, कोणालाही न ओळखणारी ८१ वर्षांची आई, या दोघांच्या गळ्यातली नळी सारखीच दिसते, पण निर्णय सारखा नसतो. उद्या डॉक्टरांना एवढेच विचारा, "अण्णा पुन्हा स्वतः चालत बाथरूमला जातील असे तुम्हाला वाटते का?" आणि त्यांच्या उत्तराइतकेच, उत्तर देण्यापूर्वी ते किती वेळ थांबतात याकडेही लक्ष द्या.

रुग्णसेवा कट्टा यांचे उत्तर

खर्चाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले आहे. तुमचे रुग्णालय धर्मादाय विश्वस्त संस्थेचे असेल, तर उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन समाजसेवा विभागात आजच जा. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असेल तर तळमजल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा, डिस्चार्जनंतर फारसे काही हाती लागत नाही. तपशीलवार बिल आणि उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. औषधांच्या रोजच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये तारखेने लावत जा, त्यामुळे दादांच्या मनातली शंका एका बैठकीत मिटेल किंवा तिला नेमका आधार मिळेल.

कऱ्हाकाठ यांचे उत्तर, बारा दिवसांनंतर

उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी लिहिलेले मी दादांना आणि आत्याला बसवून वाचून दाखवले. आत्या कोपनहेगनच्या मुलांची हकीकत ऐकून गप्प झाली, आणि "रात्रभर हाताने दाबत बसले?" एवढेच दोनदा म्हणाली. आम्ही दोन दिवस मागून घेतले. डॉक्टरांनी अंगातले पाणी काढून तिसरी चाचणी घेतली, अण्णा ५० मिनिटे टिकले आणि थकले. संमतीपत्रावर सही दादांनी केली. डॉक्टरांना तो चालण्याचा प्रश्न मी विचारला तेव्हा ते क्षणही न थांबता म्हणाले, "हो, पण दोन-तीन महिने लागतील."

तेराव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमी झाली आणि तिसऱ्या दिवसापासून हातांची पट्टी कायमची सुटली. चष्म्यानंतर बातम्या सुरू केल्या. सकाळच्या सिस्टर सांगतात की निवेदकाचा आवाज आला की अण्णा मान वळवून मोबाईल शोधतात. तक्त्यावर त्यांनी बोटाने पहिला शब्द "पाऊस" असा दाखवला, आणि प्रश्नचिन्ह कागदावर नसल्यामुळे भुवया उंचावल्या. सासवडला पाऊस झाला का, हे त्यांना विचारायचे होते. गेले चार दिवस मशीन दिवसभर बंद असते, फक्त रात्री लावतात. आता विभागाबाहेरच्या खोलीत हलवण्याची चर्चा आहे आणि नळीसह घरी न्यावे लागले तर काय शिकून घ्यावे, हा माझा पुढचा प्रश्न आहे.

रात्रपाळी यांचे उत्तर

नळीसह घरी जाणार असाल तर दोन जणांनी शिकून घ्या, एकाने नाही, कारण एकटा माणूस आजारी पडतो किंवा त्याला झोप लागते. कफ ओढण्याचे सक्शन मशीन भाड्याने मिळते, पण वीज गेल्यावर चालणारे, बॅटरीचे किंवा पायाने दाबायचे, दुसरे साधन घरात असू द्या. सासवडला वीज जाते हे तुम्ही जाणताच. आतली नळी काढून धुणे, बाहेरची पट्टी बदलणे, कफ ओढणे आणि नळी निसटली तर काय करायचे, हे सर्व सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने किमान चार-पाच वेळा करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या अण्णांच्या उशाशी, दिसतील अशा ठेवा. आणि अण्णांना सांगा की पाऊस झाला की नाही हे आम्हालाही कळवा.